मला काही सांगायचे नाही

वकीलसाहेब गेले तेव्हा वकील संघाच्या मोठ्या खोलीत शोकसभा झाली. शेवटी सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळायची होती. मागच्या भिंतीला टेकून आम्ही आठ-दहा जण होतो, काळा कोट नसलेले, त्यांचे जुने आरोपी. पुढच्या रांगांत अर्ध्या मिनिटात चुळबुळ सुरू झाली. कोणी खोकलं, कोणाचा फोन वाजला. मागच्या रांगेत मात्र कोणाची मानही हलली नाही. दोन मिनिटं संपून पुढचे लोक खाली बसले तरी आम्ही उभेच. शेजारचा दाढीवाला माणूस ओठ न हलवता मला म्हणाला, "किती खडे?"

"चार," मी म्हटलं.

"मला सहा लागले. मी मुळात बोलका."

खडे म्हणजे खडीसाखरेचे. ज्या आरोपीचा कोर्टातला जबाब जवळ आला असेल, त्याला वकीलसाहेब रविवारी सकाळी घरी बोलवत. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या, बाहेर कचेरी आणि आत संसार. आरोपीला भिंतीशी लाकडी खुर्चीत बसवायचं. बरणीतून बोराएवढा खडा काढून त्याच्या हातावर ठेवायचा. तो जिभेवर धरायचा, चावायचा नाही, चोखायचा नाही. मग खांद्यावर पंचा टाकून साहेब समोर न्यायाधीश होऊन बसत आणि प्रश्न विचारू लागत. खडा आपोआप विरघळेपर्यंत एक शब्द जरी तोंडातून गेला, तरी तो रविवार फुकट. पुढच्या रविवारी नवा खडा.

फौजदारी खटल्यात सरकारचे साक्षीदार संपले की न्यायाधीश आरोपीला पुराव्यातला एकेक मुद्दा सांगतात आणि विचारतात, याबद्दल तुम्हाला काय सांगायचे आहे? शपथ नसते. उत्तर दिलंच पाहिजे असंही नसतं. कायदा याला आरोपीला मिळालेली संधी म्हणतो. वकीलसाहेब त्याला खड्डा म्हणत. पूर्वी या जबाबाचं कलम तीनशे तेरा होतं, नव्या कायद्यात आकडा बदलला, पण ते शेवटपर्यंत तीनशे तेराच म्हणत राहिले. कोणी दुरुस्त केलं तर म्हणत, "घराचा नंबर बदलला म्हणून दारातला खड्डा बुजतो का?"

रविवारच्या त्या खेळात ते कधी आवाज चढवत नसत. उलट इतक्या मऊपणानं विचारत की ऐकणाऱ्याला भरून यावं. "बाळा, तू त्या रात्री कुठे होतास रे? सांग, मी आहे ना." मी पहिल्या रविवारी याच वाक्याला पडलो. माझ्या खटल्यात रात्र नव्हतीच, तरी "घरी" एवढं म्हणालो. त्यांनी पंचा काढून ठेवला आणि आत हाक मारली, "अहो, यांना चहा द्या. हे आज तुरुंगात गेले." मग मला म्हणाले, "दरडावणाऱ्यापुढे माणूस गप्प बसतो. पोलिसांना वाटतं दरडावून कामं होतात. कोर्ट गोड विचारतं. जन्मात कोणी तुम्हाला इतकं नीट विचारलेलं नसतं, तुमचं काय म्हणणं आहे म्हणून. तिथेच माणूस विरघळतो, खड्याच्या आधी."

त्यांच्याकडे एक लांबट वही होती. तिला ते बडबडीची वही म्हणत. स्वतःचं काम नसलं की ते दुसऱ्यांच्या खटल्यात मागच्या बाकावर जाऊन बसत. जबाब चालू झाला असं कळलं की एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात जवळजवळ पळत जात. आरोपीच्या ज्या उत्तरानं त्याचं नुकसान झालं ते उत्तर वहीत उतरवून घेत. माणसाचं नाव लिहीत नसत, फक्त गाव आणि वाक्य. सिन्नर: "तीन नाही साहेब, दोनच काठ्या मारल्या." नाशिक: "सायकलीला कुलूप नव्हतंच." त्यांच्या सगळ्यात आवडीची नोंद निफाडची होती. शेजाऱ्याच्या कडब्याची गंजी पेटवल्याचा आरोप होता आणि पाहणारा एकही साक्षीदार नव्हता. न्यायाधीशांनी विचारलं, कडब्याची गंजी जळाल्याचं पंचनाम्यात आहे, काय सांगायचं आहे? तो शेतकरी म्हणाला, "कडबा नव्हता साहेब. सोयाबीनचं भुसकट होतं, वर फक्त चार पेंढ्या कडबा होता."

"पिकाचं नाव चुकलेलं त्याला सोसलं नाही," साहेब सांगत. "मी गावात नव्हतो, हे तो दोन वर्षं म्हणत आला होता. मी गंजीपाशी नव्हतो, हेही म्हणत आला होता. आणि गंजी आतून कशाची आहे ते त्यालाच ठाऊक. चुकीचं ऐकून घेता आलं पाहिजे हो. आपल्या लोकांना ते जमत नाही."

हे सगळं सांगताना ते स्वतः मात्र अखंड बोलत. चहावाल्याशी, पट्टेवाल्याशी, कोर्टाच्या आवारातल्या कुत्र्यांशी बोलत. बोलायचं फक्त उत्तर सोडून. साधं "जेवलात का?" विचारलं तर म्हणायचे, "असं कोण म्हणतं?" काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एकदा म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली. भाजीत मीठ कमी आहे का विचारलं तर म्हणतात, भाजी समोर आहे, तिलाच विचार. यांनी लग्नाला होकार तरी दिला होता का, मला आठवत नाही. बहुतेक नकार दिला नाही, म्हणून झालं असेल."

आतून साहेब म्हणाले, "त्याला पुरावा काय?"

त्यांच्या या वेडामागे काहीतरी घडलेलं असणार अशी कोर्टात सगळ्यांची खात्री होती. कोणी म्हणे, तरुणपणी त्यांनी एका निर्दोष माणसाला बोलू दिलं आणि तो आत गेला. कोणी म्हणे, तो माणूस त्यांचा सख्खा भाऊ होता. मी एकदा विचारलं तेव्हा ते खरोखरच चिडले. "तसलं काही नाही. सरकारकडे पोलीस आहेत, प्रयोगशाळा आहे, पगारी वकील आहे. एवढं सगळं असून वर आरोपीनंही हातभार लावायचा? कशासाठी? मला फुकट मदत करणारी माणसं आवडत नाहीत, एवढंच."

मी त्यांच्याकडे गेलो तो एका मृत्यूच्या खटल्यात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी शिफ्टचा सुपरवायझर होतो. तिथे जमिनीत गाडलेल्या टाक्या होत्या. त्या रिकाम्या झाल्या की माणूस उतरवून साफ कराव्या लागत. उतरण्याआधी आतली हवा तपासायची, छापील परवाना भरायचा आणि शिफ्टच्या सुपरवायझरनं त्यावर सही करायची, असा नियम होता. प्रत्यक्षात माणूस आधी उतरे आणि परवाना जेवणाच्या सुट्टीत भरला जाई. सगळ्याच शिफ्टमध्ये असंच चाले. एके दिवशी दुपारी निवृत्ती नावाचा कामगार टाकीत उतरला आणि आतल्या वाफेनं गुदमरून गेला. परवाना कोराच होता. हलगर्जीपणानं मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा माझ्यावर दाखल झाला. दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, असं मला पोलीस ठाण्यात चहा देणाऱ्या हवालदारानं सांगितलं.

पहिल्याच भेटीत मी साहेबांसमोर बसलो आणि सुरुवात केली, "त्या दिवशी दुपारी..."

त्यांनी तळहात पुढे केला. "गोष्ट नको. कागद दाखवा."

"पण काय झालं ते तुम्हाला..."

"काय झालं ते मला कळलं, तर मला तुमच्या तोंडाकडे बघून वाद करावा लागेल. मला सरकारच्या कागदाकडे बघून करायचा आहे." त्यांनी आरोपपत्र चाळलं, दोनदा. मग चष्मा काढला. "तुम्ही टाकीपाशी होता असं म्हणणारा एकही माणूस यात नाही. शिफ्टच्या खोलीत होता, कँटीनमध्ये होता की गेटवर, कुणालाच माहीत नाही. हे एवढं एक भोक आहे. ते तुमच्या तोंडाच्या आकाराचं आहे. बाकी मी बघतो."

एवढ्यावरच खटला उभा होता. पुढची दोन वर्षं मला हे पाठ होतं, की मी गप्प आहे तोवर मोकळा आहे.

गप्प बसणं मला नवं नव्हतं. मी अबोल माणूस. शिफ्टला डब्याबरोबर वाचनालयाचं पुस्तक नेणारा. कामगार मला मागे 'मास्तर' म्हणत, हेही मला माहीत होतं. साहेबांना आधी वाटलं, असा अशील मिळायला भाग्य लागतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की न बोलणाऱ्या माणसाच्या आत बोलणं साठत जातं. "तुम्हीच जास्त धोक्याचे," असं ते तिसऱ्या रविवारी म्हणाले, आणि नेहमीपेक्षा मोठा खडा काढला.

निवृत्तीची बायको प्रत्येक तारखेला यायची. घोटीजवळच्या गावाहून एसटीनं येऊन दारालगतच्या बाकावर बसायची, मांडीवर कापडी पिशवी. ती साक्षीदार नव्हती, तिला कोणी बोलावलेलं नव्हतं. कधी तारीख पडायची, कधी साक्षीदार यायचा नाही, कधी न्यायाधीश रजेवर असायचे. ती पिशवी उचलून परत जायची. माझ्याकडे ती रागानं बघत नसे. बघत राही, एवढंच, परीक्षेच्या निकालाच्या फळ्याकडे बघतात तसं.

मग कारखान्याच्या मॅनेजरची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी त्यांना नियम विचारले, त्यांनी नियम सांगितले. आणि कोणी न विचारता पुढे म्हणाले, "मयत कामावर दारू पिऊन येत असे. त्या दिवशीही तो प्यायलेला होता, असं नंतर आमच्या कानावर आलं. नशेत तो आपल्या मर्जीनं टाकीत उतरला असावा."

ती बाकावरून उठली. "खोटं हाय," ती म्हणाली. "त्यांच्या गळ्यात माळ व्हती."

पट्टेवाला तिच्याकडे धावला. न्यायाधीश बाईंनी हात वर केला आणि समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्हाला इथं बोलता येणार नाही. बसा."

ती बसली. साहेब उलटतपासाला उभे राहिले. मॅनेजरना परवान्याबद्दल, वेळेबद्दल, चाव्यांबद्दल विचारलं. दारूबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मयताच्या रासायनिक तपासणीचा कागद कोर्टापुढे आलेलाच नव्हता. तोही त्यांनी विचारला नाही.

पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. "मॅनेजर खोटं बोलले. निवृत्ती प्यायलेला नव्हता."

"तुम्हाला कसं माहीत?" ते म्हणाले. आणि माझं तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की बोटं उमटली. "उत्तर देऊ नका."

मला माहीत होतं, कारण उतरण्याआधी तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला होता, हातभर अंतरावर. त्याचा श्वास मला लागला होता. तो प्यायलेला नव्हता असं म्हणणं म्हणजे मी तिथे होतो असं म्हणणं. दोन्ही वाक्यं एकच होती, आणि त्यातलं अर्धंच सांगायची सोय नव्हती.

"तुम्ही तो मुद्दा वापरणार?" मी विचारलं.

"वापरणार नाही. खोडणारही नाही. माझं वकीलपत्र तुमचं आहे, निवृत्तीचं नाही." मग दंड सोडून, कोटाची बटणं उगाच काढून पुन्हा लावत म्हणाले, "रविवारी या. खडा लागेल."

त्या रविवारी त्यांनी पंचा खांद्यावर टाकला आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "आणखी काही सांगायचे आहे का?" कधी न्यायाधीश बाईंच्या आवाजात, कधी स्वतःच्या. एकदा, अगदी हळू, "लय उपकार व्हतील साहेब, सांगा ना," असं तिच्या आवाजात. मी खडा जिभेखाली धरून बसलो. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुरे करा हो. माणूस आहे तो." खडा विरघळला तेव्हा माझ्या शर्टाची कॉलर घामानं भिजली होती. त्यांनी पाणी दिलं. शाबास वगैरे म्हणाले नाहीत.

जबाबाच्या दिवशी ती नेहमीच्या जागी होती. न्यायाधीश बाई समोरचा कागद वाचून एकेक मुद्दा सांगत होत्या, टंकलेखक उतरवत होता. तुम्ही त्या दिवशी शिफ्टचे सुपरवायझर होता असा पुरावा आहे, काय सांगायचे आहे? मला काही सांगायचे नाही. टाकीत उतरण्याच्या परवान्यावर तुमची सही नाही असा पुरावा आहे. मला काही सांगायचे नाही. हवा तपासण्याची जबाबदारी तुमची होती असा पुरावा आहे. मला काही सांगायचे नाही. चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर माझं वाक्य मलाच परक्यासारखं ऐकू येऊ लागलं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते. ते छताच्या पंख्याकडे बघत होते.

मग त्या थांबल्या. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चांगल्या बाई होत्या, असं मला अजून वाटतं.

"आणखी काही सांगायचे आहे का तुम्हाला?"

टंकलेखकाची बोटं वर थांबली. बाहेरच्या व्हरांड्यात कोणीतरी कोणाला तरी नाव घेऊन बोलवत होतं. मी बाकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलं. ती पुढे वाकली होती, पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरून. तिला कळलं होतं की हे दार आहे, आणि ते फक्त माझ्यासाठी उघडलेलं आहे. तिला बोलायचं होतं तेव्हा बस म्हणाले होते. मला बोला म्हणत होते.

"नाही," मी म्हणालो.

महिनाभरानं निकाल लागला. आरोपी घटनास्थळी हजर असल्याचा पुरावा नाही, आरोपी निर्दोष. त्याच परिच्छेदात पुढचं वाक्य होतं: मयत नशेच्या अंमलाखाली स्वतःच्या मर्जीने टाकीत उतरला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. न्यायाधीश बाईंनी ते बाकीच्या वाक्यांसारखंच वाचलं. फाटकापाशी ती मला ओलांडून गेली. जाता जाता म्हणाली, "सुटलात. बरं झालं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मी तिच्या मागे निघालो. साहेबांनी कोपर धरलं.

"आत्ता नाही."

"मग कधी?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. ते देतच नसत.

कारखान्यानं मला परत घेतलं नाही. एका शाळेच्या ग्रंथालयात मला काम मिळालं. ते आजही करतो. त्या महिन्यांत मी दोनदा साहेबांकडे गेलो आणि तिला पत्र लिहू का, असं विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी निफाडच्या गंजीची गोष्ट सांगितली, जणू मी ती ऐकलीच नव्हती. मला वाटलं, त्यांच्यापुरतं काम संपलं. माणूस सुटला, फाईल बांधली. मनातून मी त्यांच्यावर रागावलो. जायचा बंद झालो.

एक दिवस सकाळी आठला ते माझ्या सिडकोतल्या घराच्या दारात उभे. काळा कोट नाही, साधा सदरा. त्यांच्या घराबाहेर मी त्यांना कोटाशिवाय कधी पाहिलं नव्हतं, आधी ओळखलंच नाही.

"चपला घाला," ते म्हणाले. "सरकारच्या अपिलाची मुदत संपली. निकालाच्या नकलेला लागलेले दिवस त्यात मिळवले, वर आठ दिवस आणखी जाऊ दिले. काल मी चौकशी करून आलो. अपील नाही."

"कुठे जायचं?"

"घोटीला. तुम्हाला बोलायचं आहे ना? बोला."

कॅलेंडरवर त्यांनी ते दिवस रोज एकेक करून खोडले होते, हे मला नंतर काकूंनी सांगितलं.

एसटीत ते खिडकीशी बसले. पाथर्डी फाटा मागे पडला. मग बाहेर बघतच म्हणाले, "तो हक्क सरकारपुढचा आहे. सरकार मोठं, माणूस लहान, म्हणून दिलेला. तुम्ही तो माझ्याकडून नीट शिकलात. पण तिच्यापुढे तुम्ही लहान नाही आहात. तिथे तो चालत नाही." थोड्या वेळानं पुन्हा, "मला हे कोर्टात सांगता येत नव्हतं. तुम्ही सांगून बसला असतात."

गाव रस्त्यापासून आत होतं. भाताची कापणी होऊन गेली होती. खळ्यावर झोडणी चालली होती. ती ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"काय राहिलं आता?" ती म्हणाली.

साहेब म्हणाले, "ताई, मी यांचा वकील. यांना कोर्टात गप्प मी बसवलं. आज हे बोलतील. मी नुसता बसतो." आणि ते ओट्याच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसले.

मी सांगितलं. इतके दिवस जे वाक्य तोंडात धरलं होतं ते आधी सांगितलं, निवृत्ती प्यायलेला नव्हता. मग सांगितलं, मला कसं माहीत. टाकीला लागून शिफ्टची खोली होती, मी तिथे टेबलाशी होतो. तो दारात आला. जवळ येऊन उभा राहिला.

"काय म्हणले?" तिनं विचारलं. सुपातला हात थांबला होता.

"म्हणाला, साहेब, उतरू का?"

"मंग? तुम्ही काय म्हणलात?"

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं नाही, साहेबांनी सांगू दिलं नाही, आणि घरात मी विचारायची वेळ येऊ दिली नाही.

"मी वाचत होतो. पान संपत आलं होतं. एवढं संपवून मान वर करू, असं म्हटलं. तो थोडा वेळ उभा राहिला. मान वर केली तेव्हा तो गेला होता. त्याला वाटलं असेल, साहेब काही म्हणत नाहीत, म्हणजे हो."

खळ्यावरून भाताच्या पेंढ्या आपटल्याचा आवाज येत होता. साहेबांची पाठ ताठ झाली होती. ते हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"कोर्टात का नाय सांगितलं?" ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर आत गेलो असतो."

"जायचं व्हतं," ती म्हणाली. ओरडली नाही. "तुम्ही दोन सालानं भायेर आला असता. ते माळ घालून गेले आन दारुडे झाले. भजनाला त्यांची जागा व्हती, पखवाजाशेजारी. आता माणसं म्हणत्यात, शहरात काय करीत व्हता कुणाला ठावं. कोर्टानंच लिवलंय, म्हणत्यात."

तिनं सूप खाली ठेवलं.

"लिहून द्या," ती म्हणाली.

मी साहेबांकडे पाहिलं. ज्या माणसानं आयुष्यभर आरोपीच्या तोंडून 'घरी' एवढा शब्दही जाऊ दिला नाही, त्याच्यासमोर हा कागद मागितला जात होता, सहीचा, तारखेचा. उद्या तो कुठे जाईल, कोणाच्या हाती पडेल, कोण त्यावरून काय उकरेल, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. ते उठले. मला वाटलं, चला म्हणतील. त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या हातात दिलं आणि तिला म्हणाले, "ताई, कागद आहे का घरात?"

तिनं आतून वहीचं पान आणलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. प्यायले नव्हते. शुद्धीत होते. स्वतःच्या मर्जीनं उतरले नाहीत.

"विचारून उतरले," ती म्हणाली. "तसं लिहा. विचारल्याबिगर ते कधी काय करीत नव्हते."

मी लिहिलं.

"आन तुम्ही काय म्हणलात, तेबी."

मी लिहिलं: मी उत्तर दिले नाही.

तिनं कागद घेतला, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला आणि साहेबांपुढे धरला. "तुमचीबी सही पायजे. वकिलाची सही आसली म्हंजे मानत्यात." त्यांनी मांडीवर कागद ठेवून, साक्षीदार असं लिहून, खाली सही केली. पूर्ण नाव लिहिलं, गल्लीसकट पत्ता लिहिला. ती उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला आणि आम्हाला बसा, जा, काही न म्हणता कागद हातात धरून देवळाच्या दिशेनं निघाली. दुपारी तिथे पारावर माणसं बसलेली असतात, हे आम्हाला येताना दिसलं होतं.

आम्ही ओट्यावर बसून राहिलो. सुपात अर्धे तांदूळ तसेच होते. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा साहेबांनी घसा साफ केला.

"कोणतं पुस्तक होतं?"

त्या दिवसाबद्दल त्यांनी उत्तर मिळावं म्हणून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. पुढे ते पाच वर्षं होते, मी दर रविवारी जात होतो, पण दुसरा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही.

मी पुस्तकाचं नाव सांगितलं. पानही सांगितलं.